जिवंत गुरांमागे

तुम्ही गेल्यावर तुमच्या जलदान विधीच्या दिवशी माणसं एकेक करून बोलायला उभी राहिली, तेव्हा मी मांडवाच्या कडेला बसून मनातल्या मनात प्रत्येकाला खोडत होते. एक जण म्हणाले, मिलिंदराव निसर्गप्रेमी होते. तुम्ही? पाल दिसली की खुर्चीवर चढणारे? दुसरे म्हणाले, त्यांना मातीची ओढ होती. तिसऱ्यांनी सांगितलं, शहराच्या धकाधकीला कंटाळून त्यांनी साधं जगणं निवडलं. जळगावात आपल्या कॉलनीत कसली हो धकाधक? दुपारी भंगारवाला ओरडला तरच तिथली माणसं जागी व्हायची. आणि उजाडायच्या आत उठून शेणाच्या पाट्या उचलण्यात साधं काय असतं, ते त्या गृहस्थांनी एकदा येऊन करून बघावं.

मी उठून बोलायला हवं होतं. प्राची मला कोपरानं ढोसत होती, "आई, तू बोल ना." पण काय बोलणार? तुम्ही नोकरी सोडून, घर सोडून, चार एकर मुरमाड जमिनीवर गुरं सांभाळायला का आलात, ते त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. आणि ते ज्यांच्यासमोर बोलायचं, ते आबा, तुमचे वडील, माझ्यासमोरच बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, गोठ्याकडे पाठ करून.

तुम्ही गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसले की वाटतं शेळ्यांचं पाणी राहिलं. पाण्याकडे गेले की वाटतं गॅसवर काहीतरी ठेवलंय. सुमनबाई म्हणते, "ताई, पाय बांधून घाला." ती आणि रतनभाऊ रोज पाड्यावरून येतात, दोघं मिळून निम्मं काम उरकतात, तरी मी त्यांच्या मागे मागे फिरत असते. हे लिहितानाही दोनदा उठून बाहेर जाऊन आले. काही नव्हतं. गुरं रवंथ करत बसलेली. तीच तेवढी शांत आहेत इथे.

आठवतं, पहिल्यांदा बोललात तो दिवस? रविवार होता, मी खिचडी-कढी केली होती. आबा नुकतेच विहारातून आले होते. कारखान्यात तुम्हाला बढती मिळणार म्हणून मी मनात नवीन सोफ्याचे बेत करत होते, आणि तुम्ही कढीची वाटी खाली ठेवून म्हणालात, "मी राजीनामा देतोय. साक्रीकडच्या आपल्या जमिनीवर गायी घेणार आहे. शेळ्या पण."

मी हसले. मला खरंच वाटलं, थट्टा आहे. पाईपच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस. गायीला पुढून हात लावतात की मागून, तेही माहीत नसलेला.

आबा हसले नाहीत. घरात ते प्रमाण मराठीत बोलायचे. रेल्वेतल्या नोकरीनं लावलेली सवय. राग आला की मात्र अहिराणी. त्यांनी हात धुतले, परत येऊन बसले आणि म्हणाले, "ज्या ढोरं वढानं सोडासाठे मना बापनी गाव सोडं, त्याच ढोरेस्ना मांगे तू चालना?"

"आबा, मेलेली नाहीत हो ती," तुम्ही म्हणालात.

"आज नही. उद्या मरतीन. मंग कोन वढी?"

तुम्ही कढीची वाटी पुन्हा उचललीत. मला त्या प्रश्नाचं वजन तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं. मी भुसावळची, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. मेलेली गुरं ओढणं, गावकीची कामं, ते एका ठरावानं सोडून देणं, मग गावानं टाकलेला बहिष्कार, विहीर बंद, सरपण बंद, हे सगळं मी भाषणांतून ऐकलेलं. आबांनी ते अंगावर घेतलेलं. त्यांनी त्या कॉलनीतलं घर वीट वीट मोजून बांधलं होतं. फाटकावर तुमच्या नावापुढे डिप्लोमा लिहिलेली पितळी पाटी लावली होती आणि दर अमावस्येला, हो, अमावस्येलाच, चिंचेनं ते ती घासायचे. आणि तुम्ही ती पाटी मागे टाकून शेणाकडे निघाला होतात.

मी आले नाही. माझी शाळा होती, प्राचीचं शेवटचं वर्ष होतं, आणि खरं सांगायचं तर मला यायचं नव्हतं. तुम्ही पत्र्याची खोली बांधलीत, बोअरला मोटर बसवलीत, दोन गायी आणि थोड्या सुरती शेळ्या आणल्यात. मी शनिवारी शाळा सुटली की बस धरायची. जळगाव ते धुळे, धुळे ते साक्री, आणि पुढे तुमची मोटरसायकल. मागे बसले की तुमच्या शर्टाला येणारा वास मला नवीन होता. मी नाकाला पदर लावायची आणि तुम्ही आरशातून बघून हसायचात.

पहिल्याच खेपेला शेळीनं माझ्या पर्समधून बसचं तिकीट आणि अर्धा रुमाल खाल्ला. दुसऱ्या खेपेला तुम्ही मला धार काढून दाखवायला बसलात, आणि गायीनं बादलीत पाय घातला. तुम्ही तिला समजावत होतात, "अगं, असं नाही, थांब जरा," शिफ्ट सुपरवायझरच्या आवाजात. रतनभाऊ कुंपणाला टेकून हसता हसता खाली बसले.

पण एक गोष्ट तुमची, फक्त तुमची. कारखान्यातून आलेला हात कुठे जाणार? गोठ्यात तुम्ही पाईपची अशी रचना केलीत की गायीनं पाण्यात तोंड घातलं, पातळी उतरली की पाणी आपोआप भरायचं. पंचक्रोशीतली माणसं बघायला यायची. तुम्ही झडप उघडून दाखवायचात, परत लावायचात, परत उघडायचात. तेव्हा तुमचा चेहरा प्राची पहिल्यांदा चालली त्या दिवशी होता तसा. आजही ती झडप टिक टिक करते आणि मला वाटतं तुम्ही तिथे वाकलेले आहात. काल ती जरा गळत होती. मी पाना घेऊन बसले, जमलं नाही. तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

महिन्यातून एकदा तुम्ही आबांना भेटायला यायचात, दुधाची किटली घेऊन. आपल्याच घरात राहणाऱ्या रेखाताई दार उघडायच्या आणि आतून आबांचा आवाज यायचा, "मिल्याले म्हना, आंघोळ करी ये आधी." तुमची बहीण असून त्यांना ते सांगताना लाज वाटायची. तुम्ही मात्र सरळ न्हाणीघरात जायचात, साबण लावून आंघोळ करायचात, कपाटात ठेवलेले इस्त्रीचे कपडे घालायचात आणि मग वडिलांसमोर बसायचात. पन्नाशी उलटलेला मुलगा. गप्पा व्हायच्या पेन्शनच्या, पावसाच्या, निवडणुकीच्या. गुरांचं नावही नाही. तुम्ही आणलेलं दूध रेखाताईंची मुलं प्यायची. आबा चहा घ्यायचे तो पिशवीच्या दुधाचा.

मला तुमचा राग यायचा. मी म्हणायची, "एकदा तोंडावर बोला तरी. तुमचं जे काय आहे ते सांगा त्यांना." तुम्ही म्हणायचात, "सांगेन." हा तुमचा शब्द. सांगेन, बघेन, दाखवेन. छातीत जळजळतं म्हणून मी तपासणी करा म्हटलं की, "करेन."

थांबा, कुत्रा भुंकतोय. बघून येते.

कुणी नव्हतं. कोंबड्यांत मुंगूस शिरलं असावं म्हणून गेले, तर सुमनबाईनं आधीच जाळी लावली होती.

लम्पीच्या वर्षाचं लिहायचं आहे. तेच लिहायला बसले होते आणि तेच टाळत होते.

साथ आली तेव्हा मी फक्त शनिवार-रविवारसाठी आले होते. पांढऱ्या गायीच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, पाय सुजले होते, तिला उठता येत नव्हतं. तुम्ही खाली बसून तिच्या तोंडात चमच्या-चमच्यानं गूळपाणी घालत होतात. गुरांचे डॉक्टर येऊन गेले होते, लस उशिरा मिळाली होती, गावोगाव तीच गत. मी सोमवारी परत जायची ती गेले नाही. शाळेत फोन करून रजा घेतली. हळद, कडुलिंब, ओल्या फडक्यानं अंग पुसणं, माश्या हाकलणं. मी जन्मात गुराला हात लावला नव्हता आणि त्या आठवड्यात तिच्या जखमांतल्या अळ्या चिमट्यानं काढल्या. का ते विचारू नका. तिनं एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं, एवढंच.

ती सकाळी गेली. तुम्ही जेसीबी बोलावून नाल्याच्या वरच्या बाजूला खोल खड्डा केलात. चुना आणला, मीठ आणलं. तुम्ही आणि रतनभाऊंनी तिला पट्टे लावून, अंग कुठे घासणार नाही अशी, आत उतरवली. मी काठावर उभी होते. त्याच वेळी तो आला.

त्याचं नाव लिहीत नाही. गावातल्या मोठ्या घरातला, तुमच्याहून लहान, तुम्हाला भाऊ म्हणणारा. बुटावर माती येऊ नये म्हणून दूरच थांबला. म्हणाला, "मिलिंदभाऊ, आमची पण एक पडलीय. तुमचा खड्डा खोदलेलाच आहे. जाता जाता तेवढी ओढून आणा ना." आणि मग, अगदी सहज, जसं कुणी चहात साखर किती विचारावी तसं, "तुमच्या लोकांना सवय असते."

रतनभाऊंचं फावडं थांबलं. मला वाटलं तुम्ही आता त्याच्या अंगावर जाल. माझ्या मनात तर मीच गेले होते.

तुम्ही खड्ड्यातून वर आलात. हातांची माती झटकलीत. आवाज चढवला नाहीत.

"खड्डा देतो," तुम्ही म्हणालात. "चुना देतो, मीठ देतो, फावडी देतो. ओढायचं तुम्ही. तुमची गाय आहे, तुम्ही तिचं दूध प्यायलात."

"अहो, पण आम्ही कधी..."

"मी पण आज पहिल्यांदाच केलं. जमतं. मी इथे उभा राहतो."

तो गेला. मला वाटलं परत येणार नाही. पण दुपार कलायच्या आत ट्रॅक्टर आला, मागे त्याचे दोन भाऊ, नाकाला उपरणी बांधलेले. त्यांनी त्यांच्या हातांनी ती उतरवली. धाकटा बाजूला जाऊन ओकला. तुम्ही खरंच उभे राहिलात, पूर्ण वेळ, हात न लावता, कसं वळवायचं ते सांगत. शेवटी धाकट्याला तोंड धुवायला पाणी दिलंत. पुढे तो, आधी विचारायला आलेला, रस्त्यात भेटला की आधी मान वळवायचा, नंतर नंतर थांबून बोलायला लागला. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्याला माफ केलं असंही नाही. पण ‘तुमच्या लोकांना’ हा शब्द त्यानं पुन्हा कधी वापरला नाही.

ते गेल्यावर तुम्ही बुजवलेल्या मातीशेजारी बसून राहिलात. मी पाण्याची बाटली आणली. मग तुम्ही बोललात. माझ्याकडे न बघता, नाल्यापलीकडच्या डोंगराकडे बघत.

"मंगल, आबांच्या बापाच्या वाट्याला, त्यांच्या बापाच्या वाट्याला कायम मेलेलीच गुरं आली. जिवंत होती तेव्हा ती दुसऱ्याची. दूध दुसऱ्याचं, वासरू दुसऱ्याचं. मेली की आमची. मला जिवंत पाहिजेत. एवढंच आहे माझं. मला माझ्या हातानं एक गाय पाळायची आहे, आणि ती मेली तर माझी म्हणून मातीत घालायची आहे."

मी म्हटलं, "हे आबांना सांगा."

तुम्ही म्हणालात, "सांगेन."

त्या वर्षाअखेरीस मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना वाटलं पतिव्रता, नवऱ्यामागे गेली. तसं काही नव्हतं. त्या खड्ड्याकाठी मला कळलं होतं की तुम्ही इथे खेळत नाही आहात, आणि जिथे इतकं खरं काहीतरी चाललंय तिथून मी शनिवार-रविवारची पाहुणी म्हणून ये-जा करू शकत नव्हते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, "बसचा कंटाळा आला." इथली पहिली भाकरी चुलीवर करपली, तुम्ही ती खाल्लीत. इथले पहिले सहा महिने मी रोज भांडले. विजेवरून, विंचवावरून, आणि सगळ्यात जास्त दवाखान्यावरून. "इथून धुळं केवढं लांब आहे, काही झालं तर?" तुम्ही म्हणायचात, "काही होत नाही." हे भांडण मी जिंकले, बघा. आता काय करू त्या जिंकण्याचं?

त्या सकाळी तांबडीची, आपल्या दुसऱ्या गायीची, धार अर्धी झाली होती. मी चहा गाळत होते. बादली पडल्याचा आवाज आला आणि मला वाटलं पुन्हा लाथ मारली. बाहेर आले तर तुम्ही गव्हाणीला टेकून बसलेले, घामानं शर्ट भिजलेला, एक हात छातीवर. आणि दुसरा, मला हे विसरता येत नाही, दुसरा हात तांबडीच्या पायावर, तिनं पुढे सरकू नये म्हणून.

रतनभाऊंनी पिकअप काढली. साक्रीत डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले थांबू नका, धुळ्याला न्या. मागच्या सीटवर तुमचं डोकं माझ्या मांडीवर. महामार्गावर ट्रकांची रांग. इतक्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी अरे-तुरे केलं नाही. लग्नानंतर तुम्ही कितीदा म्हणालात, मिलिंद म्हण, तू म्हण. माझ्या जिभेला वळलं नाही. पण नेर मागे पडलं आणि तुमचे डोळे मिटायला लागले, तेव्हा मी तुमचे गाल थोपटत ओरडत होते, "अरे, इकडे बघ. मिलिंद, झोपू नकोस. बघ माझ्याकडे." तुम्ही बघितलंत. ओठ हसल्यासारखे हलले. मला वाटतं तुम्हाला त्याही वेळी त्याची गंमत वाटली.

कुसुंबा यायच्या आत संपलं होतं. मला माहीत होतं. तरी रतनभाऊंना मी सांगितलं नाही. ते गाडी इतक्या जिवाच्या आकांतानं चालवत होते.

धुळ्याच्या डॉक्टरांना मी विचारलं, "जळगावात असतो तर?" ते तरुण होते, दमलेले. म्हणाले, "बाई, सांगता येत नाही. कधी दवाखान्याच्या दारातही वाचवता येत नाही." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं म्हणून, ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. कुठल्याही वेळी, शेण भरताना, केस विंचरताना, तोच प्रश्न येतो. कॉलनीतून मोठा दवाखाना रिक्षानं चुटकीसरशी. मग मी त्या दवाखान्याच्या खाटेवर वाचलेले तुम्ही डोळ्यांसमोर आणते, पितळी पाटीच्या घरात परत आलेले, सकाळी फिरायला जाणारे. आणि ते तुम्ही मला ओळखू येत नाहीत. मग स्वतःचाच राग येतो. वाचलेला ओळखू आला नसता तरी चाललं असतं. वाचलेला चालला असता हो.

आबा जलदानाला आले ते परत गेले नाहीत. रेखाताई म्हणाल्या, चला. ते म्हणाले, ऱ्हातो चार दिवस. आयुष्यात पहिल्यांदा या जमिनीवर त्यांचं पाऊल पडलं, तेही तुम्ही नसताना. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, तोंड रस्त्याकडे. गुरं हंबरली तरी मान वळायची नाही. माझ्याशी बोलायचे ते एकच, "इकी टाक बठ्ठं. आनि चाल घर." सगळं विकून घरी चल, हे प्राचीचंही, पुण्याहून रोज फोन. सगळ्यांचं तेच. खोटं कशाला बोलू, माझंही मन तिकडेच झुकलेलं. तुमच्याशिवाय मी इथे कोण?

म्हणून दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याला बोलावलं. आला, हातात काठी. शेळ्या पाहिल्या, एकीचे दात पाहिले. मग तांबडीकडे वळला. तिला उठवायला त्यानं काठीनं तिच्या पोटाला टोचलं. मी काही म्हणायच्या आत मागून आवाज आला.

"काठी खाले ठेव. गाभनी शे ती."

आबा खुर्चीतून उठून उभे राहिले होते. व्यापारी म्हणाला, "बाबा, बघू तर द्या." आबा म्हणाले, "देखी लिधं. जाय आते." आणि तो गेला, खरंच, पुटपुटत.

मी विचारलं, "आबा, गाभण आहे ते तुम्हाला कसं कळलं?" तुम्ही मला सांगितलं होतं, मी त्यांना नव्हतं.

"तिनी चाल देखी ना मी," ते म्हणाले. म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसलेला हा माणूस रोज बघत होता.

तिन्हीसांजेला मी त्यांना चहा दिला, इथल्याच दुधाचा. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ते प्यायले. आणि मग मी सांगितलं. लम्पी, पांढरी, खड्डा, तो माणूस, त्याचा शब्द, तुमचं उत्तर. आणि शेवटी तुम्ही मातीशेजारी बसून बोललात ते, जसंच्या तसं. जिवंत पाहिजेत, हे.

आबांनी रिकामा कप खाली ठेवला.

मग त्यांनी मोरीची गोष्ट सांगितली. तुम्हाला ती माहीत नाही. कुणालाच नाही, गेलेल्या सासूबाईंनाही नव्हती.

आबा लहानपणी गावातल्या एका मोठ्या घराची गुरं राखायचे. त्यांत एक गाय होती, मोरी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. आबा रानात झोपले की ती त्यांच्या अंगावर सावली धरून उभी राहायची, असं ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. तिचं दूध त्यांनी कधी चाखलं नाही. गोठ्यात जायची मुभा नव्हती, ती रानातच त्यांची. मग एका उन्हाळ्यात ती मेली. निरोप आला तो आबांच्या वडिलांना, ओढून न्या म्हणून. वडिलांनी दोराचं एक टोक पोराच्या हातात दिलं. तिला वाड्यामागून फरपटत नेताना तिचं शिंग दगडाला लागून मोडलं. तो आवाज, आबा म्हणाले, अजून येतो. त्या रात्री घरात सगळे जेवले. ते जेवले नाहीत. पुढे ठराव झाला, ते काम सुटलं, गाव सुटलं, नोकरी लागली.

"लोके म्हनतस, माले ढोरेस्नी घिन वाटस," आबा म्हणाले. "वाटू दिधं मी. माले कोनी इचारंच नही."

आणि मग, "माले सांगाले पाहिजे व्हतं त्यानी."

मी म्हटलं, "तुम्ही तरी त्यांना मोरीचं कुठं सांगितलंत, आबा?"

"त्यानी इचारं असतं तं सांगं असतं."

अहो, ऐकताय ना? एक बाप आंघोळ करून ये म्हणत होता, एक मुलगा गुपचूप आंघोळ करून येत होता, आणि दोघांच्याही पोटात एकच गाय. तुमचं मी त्यांना पोचवलं. त्यांचं तुम्हाला कसं पोचवू? मी कुणावर चिडू? त्या रागानं मी दुसऱ्या दिवशी अख्खा गोठा खरवडून काढला.

आबांच्या चार दिवसांचे दोन महिने झाले आणि तांबडी व्याली. पहाट सरून ऊन पडलं होतं. सुमनबाई यायची होती. पाय दिसले आणि मी घाबरून गेले, तुम्हाला फोन लावायला निघाले होते, विचार करा. आबा सदऱ्याच्या बाह्या सारून आत आले. पांढऱ्या सदऱ्यानं, पहिल्यांदा, गोठ्यात. काठी भिंतीला टेकवून गुडघ्यावर बसले. या वयात, ओल्या जमिनीवर. तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी पुटपुटत होते, मला शब्द कळले नाहीत. मला म्हणाले, धर. मी धरलं. तिनं कळ दिली की ओढायचं, थांबली की थांबायचं. मग एकदम सगळं बाहेर आलं, गरम, निसरडं, माझ्या पदरात. आबांनी बोटानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गोणपाटानं अंग चोळलं. ते शिंकलं. तांबडी वळून चाटायला लागली.

"कालोड शे," आबा म्हणाले. कालवड. त्यांचा सदरा रक्तानं आणि शेणानं माखला होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी बघितला नव्हता. त्या मोकळेपणातच, वासरीवरची नजर न काढता, ते मला म्हणाले,

"मिल्याले इचार, नाव काय ठेवानं ते."

म्हणाले आणि त्यांचा हात थांबला. माझाही. तांबडी चाटत राहिली.

त्यांना सावरून घ्यायला मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हो आबा. विचारते."

आज वासरी उभी राहून पितेय. आबा खुर्ची उचलून गोठ्याच्या तोंडाशी घेऊन गेलेत. जळगावला जायचं की नाही, गुरं ठेवायची की द्यायची, मी काहीच ठरवलेलं नाही. पण शब्द दिलाय, म्हणून विचारतेय.

सांगा. काय ठेवायचं?